चावऱ्या माशीच्या अंगात कृमी वाढतो तेव्हा

टिटवी (धागाकर्ती)

हत्तीरोगाच्या गोळ्यांवरच्या धाग्यात मी जाता जाता लिहिलं होतं की डास म्हणजे काही इंजेक्शनची सुई नव्हे. त्यावर इतक्या विचारणा आल्या की वेगळा धागा काढणंच बरं. मी कीटकशास्त्रातली. पश्चिम आफ्रिकेत काळ्या माशीवर काम केलंय, हल्ली पुण्यात शिकवते. त्यामुळे उदाहरणं मुख्यतः तिकडची येतील. डासांबद्दल आणि आपल्याकडच्या हत्तीरोगाबद्दल इथले जाणकार भर घालतीलच.

काळी माशी म्हणजे सिम्युलियम. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, पाठीला कुबड असलेली. हिच्या अळ्यांना साचलेलं पाणी चालत नाही. खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. नदीतल्या दगडांना, पाण्यात लोंबणाऱ्या फांद्यांना चिकटून त्या वाढतात. म्हणून या माशीमार्फत पसरणाऱ्या, ऑन्कोसर्का या कृमीमुळे होणाऱ्या रोगाला नदीअंधत्व म्हणतात. व्होल्टा नदीच्या खोऱ्यात सगळ्यात कसदार जमीन नदीकाठी, आणि तीच लोक सोडून गेलेले, कारण काठावरच्या गावांत चाळिशीच्या आत आंधळी झालेली माणसं घरोघर.

या कृमीची मादी ३० ते ५० सेंटिमीटर लांब, नर पाच सेंटिमीटरच्या आत. कातडीखाली गाठी होतात, त्यात ही मंडळी वेटोळं करून दहा-पंधरा वर्षं राहतात. मादी रोज शेकड्यांनी पिल्लं सोडते. पिल्लू म्हणजे मायक्रोफायलेरिया, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. ही पिल्लं रक्तात नव्हे, कातडीत फिरतात. डोळ्यात शिरून मेली की दाह होतो, बुबुळ गढूळ होत जातं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की दृष्टी जाते.

पण माणसाच्या अंगात ही पिल्लं कितीही काळ राहिली तरी मोठी होत नाहीत. वर्ष-दोन वर्षं भटकतात आणि मरतात. पुढची वाढ माशीच्याच अंगात, दुसरीकडे कुठेच नाही.

माशी चावते म्हणजे कातडी फाडते. तोंडात करवतीसारखी पाती असतात. फाटलेल्या जागी रक्ताचं इवलंसं तळं साचतं ते ती पिते, आणि त्याबरोबर आजूबाजूच्या कातडीतली पिल्लं आत जातात. आता पिल्लांसाठी घड्याळ सुरू. रक्त पोटात पडल्याबरोबर माशीचं शरीर त्याभोवती एक पातळ पापुद्रा विणायला घेतं. तो घट्ट व्हायच्या आत जी पिल्लं जठराची भिंत भेदून निसटली ती वाचली. उरलेली रक्ताबरोबर पचून जातात.

निसटलेली पिल्लं छातीत पोचतात, उडण्याच्या स्नायूंत. स्नायूत शिरल्यावर पिल्लू आखूड आणि जाड होतं, जवळजवळ निश्चल. तिथे बसून ते स्नायूच्या जिवावर वाढतं आणि दोनदा कात टाकतं. दुसऱ्या कातीनंतर बाहेर येते ती तिसऱ्या अवस्थेतली अळी पुन्हा लांब, सडपातळ आणि भयंकर चपळ असते. ती छाती सोडून डोक्यात, सोंडेच्या मुळाशी येऊन थांबते. पंचवीस-सत्तावीस अंश तापमानाला हे सगळं साधारण आठवडाभरात उरकतं. गारठा असेल तर लांबतं, आणि १८ अंशांच्या खाली वाढ जवळपास थांबतेच.

मला सांगायचं आहे ते इथे सुरू होतं. या सगळ्या प्रवासात एका पिल्लाची दोन होत नाहीत. हिवतापाचा परजीवी डासात शिरला की त्याची एकेक गाठ फुटून हजारो नवे परजीवी बाहेर पडतात. कृमीचं तसं नाही. दहा आत गेली तर बाहेर पडतील जास्तीत जास्त दहा, आणि प्रत्यक्षात एखाद-दुसरं. म्हणजे माशीच्या अंगात कृमीची फक्त वाढ होते आणि घट होते. हे ध्यानात घेतलं की या रोगांविरुद्धच्या मोहिमांचं यश-अपयश बऱ्यापैकी उलगडतं.

प्रयोगशाळेत आम्ही काय करायचो तेही सांगते. काचपट्टीवर सलाइनचे तीन थेंब. एकात माशीचं डोकं, दुसऱ्यात छाती, तिसऱ्यात पोट. सूक्ष्मदर्शकाखाली सुयांनी अवयव विलग करायचे आणि बघत बसायचं. छातीच्या थेंबात अळी दिसली तर ती माशी आजच्या घडीला निरुपद्रवी. डोक्याच्या थेंबात वळवळली तर ती पुढच्या चाव्यात रोग देणार होती. दिवसचे दिवस सगळे थेंब रिकामे निघतात, आणि कंटाळून लक्ष उडालं की नेमकी अळी थेंबाच्या कडेला असते.


खवट_म्हातारा

जेवता जेवता धागा उघडला. चूक झाली. बाकी लेख उत्तम, वाचनखूण साठवली.


शंकासुर

टिटवीताई, छान लिहिलंय, पण एक गोष्ट पटत नाही. आत गेलेल्यातली निम्मीअधिक पचतात, उरलेली वाढत नाहीत संख्येने, वर माशीही आठ-दहा दिवस जगली पाहिजे. एवढी गळती असेल तर हा रोग कधीच संपायला हवा होता. टिकला कसा?

आणि उपप्रश्न: सुई नव्हे म्हणता, मग चावताना अळी आत सोडते ते काय?


त्रैराशिक

माशी जगण्याचा मुद्दा आकड्यांत मांडून बघतो. समजा रोज शंभरातल्या ८० माश्या दुसरा दिवस पाहतात. बारा दिवसांनी उरल्या सात. समजा रोज ९० जगतात, तर बारा दिवसांनी २८. म्हणजे रोजच्या जगण्यात दहाचा फरक, पण अळी पक्व होईपर्यंत टिकणाऱ्या माश्यांत चौपट फरक. (आकडे मी धरलेले आहेत, मोजलेले नाहीत.) माश्या किती आहेत यापेक्षा म्हाताऱ्या माश्या किती आहेत हे जास्त महत्त्वाचं, असं ताईंना म्हणायचं असावं.


टिटवी

त्रैराशिक, अगदी तेच. म्हणून आम्ही माश्यांचं नुसतं डोकं-पोट बघत नाही, अंडाशयही बघतो. एकदा अंडी घातलेल्या मादीच्या अंडाशयावर खुणा राहतात. अंडी घातलेली म्हणजे आधी एकदा तरी रक्त प्यालेली. धोका असला तर तिच्यात. कोवळ्या माशीचा पहिलाच चावा कृमीच्या दृष्टीने कोरा.

शंकासुर, उपप्रश्नाचं उत्तर आधी देते कारण ते मजेदार आहे. हिवतापाच्या डासाची लाळ आत जाते आणि लाळेतून परजीवी जातो. कृमीची अळी लाळेत नसतेच. हत्तीरोगाचा डास चावायला बसला की सोंडेचं बाहेरचं आवरण दुमडतं, त्याच्या टोकाकडून अळी फाडून बाहेर येते आणि एका सूक्ष्म थेंबात कातडीवर पडते. डास उडून गेल्यावर त्याने पाडलेल्या भोकातून तिला स्वतः आत घुसावं लागतं. हवा कोरडी असेल, भोक सापडलं नाही, तर तिथेच वाळून मेली. इथेही गळती. रंगूनमधल्या अभ्यासावरून १९६८ साली हेअरस्टन आणि डी मेयॉन यांनी हिशोब मांडला होता, की एका माणसाच्या रक्तात नव्याने मायक्रोफायलेरिया दिसायला संसर्गक्षम डासांचे सरासरी साडेपंधरा हजार चावे लागतात.

आता मुख्य प्रश्न, टिकतो कसा. एक तर प्रौढ कृमी दहा-पंधरा वर्षं पिल्लं सोडत राहतो. त्याला एकदाच यशस्वी व्हायचंय. दुसरं म्हणजे चावे. नदीकाठी एका माणसाला वर्षाला हजारोंनी चावे बसतात. पश्चिम आफ्रिकेतल्या मोहिमेने वर्षाला एक हजार चावे आणि शंभर संसर्गक्षम अळ्या ही पातळी 'सहन होण्याजोगी' धरली होती, यावरून मूळ परिस्थिती काय असेल बघा.

म्हणूनच पर्यटकाला नदीअंधत्व सहसा होत नाही, आणि तिथे जन्मलेल्याला होतं.


शंकासुर

साडेपंधरा हजार! मग आमच्या कॉलनीत राहणाऱ्यांना दोन वर्षांत होईल.

बाकी उत्तर मान्य. पण मग सगळ्या जातींच्या माश्यांत गळती सारखीच का?


बखरबहाद्दर

पुढचं उत्तर येईपर्यंत थोडा इतिहास. टिमथी लुइस यांनी कलकत्त्यात १८७२ साली माणसाच्या रक्तात मायक्रोफायलेरिया पाहिले. ते पुढे जातात कुठे हे पॅट्रिक मॅन्सनने शोधलं, चीनमधल्या अमॉय बंदरात, १८७७ साली. त्याच्या माळ्याच्या रक्तात कृमी होते. मॅन्सनने त्याला डासांच्या खोलीत झोपवलं, सकाळी रक्त पिऊन टम्म झालेले डास गोळा करवले आणि रोज एकेक फाडून बघितला. कृमी छातीत वाढतोय हे त्याला दिसलं. कीटकाच्या अंगात माणसाचा परजीवी वाढतो हे जगाला पहिल्यांदा कळलं ते असं. रोनाल्ड रॉसच्या हिवतापाच्या शोधाला अजून वीस वर्षं होती, आणि रॉसला त्या वाटेवर ढकलणाराही मॅन्सनच.

पण पुढे तो चुकला. त्याच्याकडचे डास चार-पाच दिवसांत मरत. म्हणून त्याने ठरवलं की डास अंडी घालून पाण्यात मरतो, अळ्या पाण्यात उतरतात आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो. वीसेक वर्षं हेच चाललं. मग ऑस्ट्रेलियात टॉमस बँक्रॉफ्टने डासांना केळं खाऊ घालून जास्त दिवस जगवलं, तेव्हा अळी पूर्ण वाढलेली सापडली. त्याचे डास लंडनला गेले आणि १९०० मध्ये जॉर्ज लो याने त्यांचे पातळ काप करून अळी सोंडेत दाखवली. हत्तीरोगाच्या ज्या कृमीला बँक्रॉफ्टी नाव आहे तो प्रौढ कृमी शोधणारा जोसेफ बँक्रॉफ्ट म्हणजे या टॉमसचा बाप.

काळ्या माशीचा गुन्हा सिद्ध व्हायला १९२६ उजाडलं. ब्लॅकलॉक नावाच्या संशोधकाने सिएरा लिओनमध्ये ते केलं. ग्वाटेमालात रोब्लेसने १९१५ सालीच डोळ्यांचा रोग, गाठी आणि माश्या यांची सांगड घातली होती.


पळसफूल

बखरबहाद्दर, मस्त. केळ्याचं माहीत नव्हतं.

मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य खात्यात आहे. आमच्याकडे हत्तीपायाचे रक्तनमुने रात्री साडेआठनंतर घ्यायला सुरुवात होते. लोक दार उघडत नाहीत. "दिवसा या की, रात्रीचं रक्त काय वेगळं राहते का?" हे वाक्य मी एवढ्यांदा ऐकलंय! खरं उत्तर असं की हो, वेगळं राहते. दिवसा हे जंतू फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री बोटाच्या टोकापर्यंत येतात, कारण आपला क्युलेक्स डास रात्री चावतो. मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात जास्त सापडतात.

गोळ्या वाटताना दुसरी गंमत. औषध समोर गिळायचं असा नियम आहे. उंची मोजायची काठी घेऊन फिरतो, कारण आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवर ठरतो. लोक म्हणतात सैन्यात भरती चालू आहे का.


खवट_म्हातारा

आयव्हरमेक्टिन म्हणजे करोनात आमच्या शेजाऱ्याने डब्यात भरून ठेवलं होतं तेच ना? निदान कृमी तरी मेले असतील त्याचे.


मुसाफिर_नाशिककर

धागा वेळेवर आला. पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाने कॅमेरूनला निघालोय, दुआला आणि तिथून आत जंगलाच्या भागात. ऑफिसातल्या एकाने सांगितलं की तिथे डोळ्यात किडा फिरतो आणि आरशात दिसतो. थापा की खरं? बायकोने हे ऐकल्यापासून घरात तोच विषय आहे.


टिटवी

मुसाफिर, खरं आहे. लोआ लोआ. पण घाबरण्याआधी पूर्ण वाचा.

प्रौढ कृमी तीन ते सात सेंटिमीटरचा असतो आणि कातडीखाली भटकतो. भटकता भटकता कधीकधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून आडवा जातो. दहा-पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. दिसायला भयंकर, पण दृष्टी जात नाही. हातापायाला अचानक सूज येऊन दोन-तीन दिवसांत उतरते, ती जास्त नेहमीची तक्रार.

याची माशी वेगळी, क्रायसॉप्स. आपल्या गोमाशीच्या कुळातली, रंगीत डोळ्यांची, जंगलाच्या शेंड्यावर वावरणारी, दिवसा चावणारी. चावते तेव्हा कळतंच, सणकून दुखतं. लाकडाच्या धुराकडे ती आकर्षित होते. म्हणजे डास पळवायला आपण धूर करतो आणि तिथे धुराने माशी खाली उतरते. आणि पळसफूल, गंमत बघा, या कृमीची पिल्लं रक्तात दिवसा असतात, दुपारच्या सुमाराला सगळ्यात जास्त. माशी दिवसपाळीची तर कृमीही दिवसपाळीचा. पॅसिफिक बेटांवर हत्तीरोगाचा डास दिवसा चावणारा एडिस आहे, तर तिथल्या हत्तीरोगाच्या जंतूने रात्रपाळी बरीचशी सोडून दिली आहे.

क्रायसॉप्सच्या अंगातली वाढही वेगळ्या जागी होते. काळी माशी आणि डास यांच्यात कृमी छातीच्या स्नायूंत बसतो. इथे तो मुख्यतः पोटातल्या चरबीत वाढतो. दहा-बारा दिवस लागतात. क्रायसॉप्स आकाराने मोठी, एका वेळी रक्तही भरपूर पिते, आणि उडण्याचे स्नायू शाबूत राहतात. त्यामुळे एका माशीच्या डोक्यात डझनावारी अळ्या सापडू शकतात. काळ्या माशीला एवढं ओझं झेपत नाही. पिल्लं फार गेली तर ती बिचारी वाढ पुरी व्हायच्या आतच मरते.

तुमच्यासाठी व्यवहाराचं: पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे, चुलीजवळ बसकण नको. लांब मुक्काम असेल तर आठवड्यातून एकदा डीईसी हे कृमींवरचं औषध घेण्याचा प्रतिबंधक उपाय परदेशी स्वयंसेवकांत अभ्यासला गेला आहे आणि उपयोगी ठरला आहे, पण तो प्रवासी आरोग्याच्या डॉक्टरांना विचारूनच. मनाने गोळ्या घेऊ नका. कारण सांगते.

डीईसी म्हणजे आपल्याकडचं हेट्राझान. लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली निघालेलं औषध. हत्तीरोगावर उत्तम. तेच नदीअंधत्वाच्या रोग्याला दिलं तर कातडीतली आणि डोळ्यातली पिल्लं एकदम मरतात आणि दाह इतका होतो की होती ती दृष्टीही जाऊ शकते. म्हणून आफ्रिकेत नदीअंधत्वाच्या पट्ट्यात डीईसी सरसकट वाटत नाहीत. तिथे आयव्हरमेक्टिन. पण आयव्हरमेक्टिन लोआच्या रोग्याला, रक्ताच्या मिलिलिटरमध्ये तीस हजारांवर पिल्लं असताना दिलं, तर मेंदूला सूज येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, दगावूही शकतो. कॅमेरूनमध्ये दोन्ही रोग एकाच माणसात असू शकतात. यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो: मोबाइल फोनला जोडलेला छोटा सूक्ष्मदर्शक, बोटातून रक्ताचा थेंब, फोन स्वतःच वळवळ मोजतो. पिल्लं जास्त निघाली त्यांना गोळी द्यायची नाही, बाकी सगळ्यांना द्यायची.

भारतात लोआही नाही आणि नदीअंधत्वही नाही. म्हणूनच पळसफूल गडचिरोलीत डीईसी, आयव्हरमेक्टिन आणि अल्बेंडाझोल अशी तिन्ही एकत्र बिनधास्त देऊ शकतात.


मुसाफिर_नाशिककर

खूप आभार. बायकोला 'दृष्टी जात नाही' एवढंच वाक्य दाखवलं.


गुरांचा_डॉक्टर

माणसांचं झालं, जनावरांचंही घ्या थोडं. म्हशीचं किंवा बैलाचं पोट शस्त्रक्रियेसाठी उघडलं की कधीकधी आत पांढरे दोऱ्यासारखे कृमी मोकळे फिरताना दिसतात. सेटारिया. मालक हादरतो, पण गुरांना याचा सहसा काही त्रास नसतो. पिल्लं रक्तात, तिथून डासात, डासाच्या छातीच्या स्नायूंत वाढ, परत गुरांत. सगळं सुरळीत. गडबड होते ती तोच डास घोड्याला किंवा शेळीला चावला तर. हा कृमी त्यांच्या ओळखीचा नाही, तोही तिथे भांबावतो आणि भटकत मज्जारज्जूत शिरतो. घोड्याची मागची बाजू लुळी पडते. याला कुमरी म्हणतात. एकाच गोठ्याच्या आवारात म्हशी आणि घोडा बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि घोड्यांतला हॅब्रोनेमा. त्याची तऱ्हा तर ताईंनी सांगितलेल्या सगळ्यांहून निराळी. याची अंडी-पिल्लं लिदीत पडतात. लिदीत माशीच्या अळ्या असतातच, त्या कृमीची पिल्लं गिळतात. मग माशी अळीची कोषात जाते, कोषातून पंख फुटून बाहेर येते, आणि तिच्या आत कृमीही तेवढाच वाढत येतो. तबेल्यातली चावरी माशी हे काम करते, साधी घरमाशीही करते. माशी घोड्याच्या ओठांवर बसली की अळ्या उतरून पोटात जातात. जखमेवर बसली तर अळ्या जखमेत उतरतात आणि ती उन्हाळाभर भरून येत नाही. उपाय काय, तर लीद रोज उचला. औषध नंतर.


टिटवी

डॉक्टर, वा. हॅब्रोनेमाचं मी वर्गात सांगते तेव्हा विद्यार्थी जागे होतात.

शंकासुरांचा प्रश्न राहिला होता, गळती सगळीकडे सारखी का. नाही, आणि यातच खरी गोम आहे. मध्य अमेरिकेतल्या काळ्या माशीच्या घशात दात असतात. पिल्लं आत जातानाच त्यांच्यावर घासून बरीचशी चिरडली जातात. थोडी गेली तर जवळपास सगळी मरतात. खूप गेली तर दातांचं काम आटोक्याबाहेर जातं आणि बरीच वाचतात. आफ्रिकेतल्या डॅम्नोसम या काळ्या माशीला हे दात नाहीत. तिच्यात उलटं होतं: थोडी गेली तर त्यातली बरीच तगतात, खूप गेली तर प्रमाण घटतं.

याचा परिणाम मोहिमेवर होतो. दातवाल्या माशीच्या देशात औषधाने लोकांच्या कातडीतली पिल्लं ठराविक पातळीखाली आणली की पुढे रोग आपोआप मावळतो, कारण थोड्या पिल्लांना माशी पार होऊ देत नाही. कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको आणि ग्वाटेमाला हे चार देश २०१३ ते २०१६ मध्ये रोगमुक्त जाहीर झाले. अर्थात तिथे रोगाचे टापूही छोटे होते आणि वर्षातून दोनदा आणि काही ठिकाणी चारदा गोळ्या दिल्या, हेही धरायला हवं. शिवाय या चारही देशांत माशीची जात एकच नव्हती. डासांतही तेच. ॲनोफिलीसला असे दात असतात. सोलोमन बेटांवर हिवतापासाठी डीडीटी फवारलं आणि तिथला हत्तीरोग, जो ॲनोफिलीसमुळेच पसरत होता, फुकटात गेला.

कृमी आणि माशी यांचं जमावंही लागतं. कॅमेरूनमध्ये ब्रायन ड्यूक आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखवलं की जंगलातल्या रोग्याचा कृमी गवताळ प्रदेशातल्या माशीत धड वाढत नाही, आणि उलटही नाही. दिसायला कृमी तोच, माशीही जवळजवळ तीच.


शंकासुर

मग सरळ माश्याच मारायच्या. गोळ्या दहा वर्षं वाटत बसण्यापेक्षा स्वस्त नाही का?


टिटवी

तेच केलं होतं. १९७४ साली पश्चिम आफ्रिकेत मोहीम सुरू झाली, आधी सात देश, पुढे अकरा. हेलिकॉप्टरमधून नद्यांत टेमेफॉस सोडायचं. तुमच्या पालिकेचे लोक टाकीत अबेट टाकतात ना, तेच औषध. माशीची अळी आठवडा-दहा दिवसांत कोषात जाते, म्हणून फवारणी दर आठवड्याला. एक खेप चुकली की एक पिढी माश्या होऊन उडाली. आणि हे किती वर्षं? माणसांतले प्रौढ कृमी म्हातारे होऊन मरेपर्यंत, म्हणजे चौदा-पंधरा वर्षं. मधेच पावसाळी वाऱ्यावर स्वार होऊन चारशे किलोमीटरवरून नव्या माश्या यायच्या, त्याही म्हाताऱ्या, अंगात अळी घेऊन. १९८० च्या सुमाराला माश्या टेमेफॉसला दाद देईनाशा झाल्या, मग औषधं आलटून पालटून वापरली, त्यात एक जिवाणूपासूनचंही होतं. २००२ मध्ये मोहीम संपली तेव्हा बहुतेक भागात रोग ओसरला होता आणि सोडलेल्या जमिनी पुन्हा कसल्या जात होत्या. १९८७ नंतर मर्क या औषध कंपनीने आयव्हरमेक्टिन फुकट द्यायला सुरुवात केली म्हणून शेवट सोपा झाला. ते प्रौढ कृमीला मारत नाही, पण पिल्लं नाहीशी करतं, म्हणजे माशीला आत घ्यायला काही उरत नाही.

माश्या मारण्याचा एक सुरस प्रकार केनियात झाला. तिथली नीवाय नावाची काळी माशी चावायची, पण तिच्या अळ्या नदीत कुठेच सापडेनात. दगड, पानं, काटक्या सगळं धुंडाळून झालं. १९५० मध्ये कळलं की त्या नदीतल्या खेकड्यांच्या पाठीवर राहतात! त्याआधीच, अळ्या न बघताच, ओढ्यांत डीडीटी ओतून काही खोऱ्यांतून माशी नाहीशी केली होती.


खवट_म्हातारा

खेकड्याच्या पाठीवर. आता खेकडेही सुटले नाहीत. आषाढात आमच्याकडे कोण जेवायला येणार?

अवांतर: सह्याद्रीतल्या ओढ्यांवर संध्याकाळी बारीक काळ्या माश्या चावतात त्या याच का?


टिटवी

सिम्युलियमच्या जाती सह्याद्रीतही आहेत. अरुणाचलात तर 'डिमडाम' म्हणतात ती हीच, चावली की दिवसेंदिवस खाज जात नाही. पण माणसाचा ऑन्कोसर्का इथे नाही. चाव्याची खाज खाजवा, डोळ्यांची काळजी करू नका. खेकडेही खा.


पळसफूल

टिटवीताई, शेवटचं विचारते. आमच्याकडे तीन औषधांच्या फेऱ्या झाल्या, नमुन्यांत जंतू फार कमी निघतात. वरून प्रश्न येतो, आता रात्रीची पथकं कशाला, गटारं आणि संडासाच्या पाइपची जाळी कशाला. तुम्ही दातवाल्या माशीचं जे सांगितलं ते आमच्या डासाला लागू होते का?


टिटवी

नाही होत, दुर्दैवाने. क्युलेक्सच्या घशात तसे दात नाहीत. तो आफ्रिकेतल्या डॅम्नोसमसारखा: रक्तात पिल्लं विरळ असली तरी जी मिळतील त्यातली बरीचशी तो वाढवतो. म्हणजे तुमच्या गावात गोळी चुकवणारी दोन-चार माणसं उरली, लाजेने अंडवृद्धी लपवणारा एखादा, दर मोहिमेला बाहेरगावी असणारा एखादा ट्रकवाला, तर क्युलेक्सला तेवढं पुरतं. ॲनोफिलीस असता तर मी म्हटलं असतं की थोडं सैल सोडा.

म्हणून वरच्यांना सांगा की आपल्याकडे दोन्ही लागणार. रात्रीचे नमुने त्या उरलेल्या माणसांसाठी, आणि जाळी व गटारं डासाचं आयुष्य आणि संख्या तोडण्यासाठी. त्रैराशिकांचा सात आणि अठ्ठावीसचा हिशोब छापून न्या हवं तर. आणि डास पकडून तपासायची सोय जिल्ह्यात असेल तर विश्रांती घेणारे, टम्म झालेले डास घरांतून गोळा करा, गटारावरचे नकोत. गटारावरचे बहुतेक कालचेच जन्मलेले असतात.


पळसफूल

छापून नेते. गटारावरचेच पकडत होतो आम्ही.